शिक्का कुठं मारू?

“मग दुकान बंद व्हावं की राहावं, बुवा? एकच काय ते सांगा.”

आत्मारामबुवा मठाच्या अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्वंभर. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. वादविवाद स्पर्धेत आयत्या वेळी बाजू बदलून दिली, तरी हा पठ्ठ्या ढाल घेऊनच यायचा. लहानपणापासून मठात येणारा, म्हणून त्याला बुवांचा शिष्य म्हणायचं. नाहीतर गप्प बसून ऐकणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

आज मात्र चेहरा पार उतरला होता.

झालं होतं असं. त्याच्या बहिणीच्या गावात देशी दारूच्या दुकानावर मतदान होतं. मत फक्त बायकांचं. दुकान नको असेल तर चिठ्ठीवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, हवं असेल तर उभ्या बाटलीवर. बहिणीनं, चंद्रकलाताईनं, त्याला विचारलं, तू शिकलेला आहेस, मी शिक्का कुठं मारू? यानं तासभर दोन्ही बाजू मांडल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि पुन्हा तेच विचारलं.

याला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून पोराची झोप उडाली होती.

“तुला दोन्हीकडून बोलता येतं. मग मला कशाला विचारतोस?”

“तुम्ही एक बाजू घ्या, बुवा. मी सुटतो.”

“आधी मला पटवून तर दे. बंद करा म्हणायचं असेल तर त्या चिंचेखाली बस. राहू द्या म्हणायचं असेल तर इकडं पायरीवर.”

विश्वंभर चिंचेखाली गेला. बोलला, आणि झकास बोलला. दाजींची मजुरी घरी पोचतच नाही. मोठ्या भाचीची शाळा सुटली. ताईच्या दंडावर वळ असतात, ती पदर ओढून घेते. मी बुवांच्या शेजारीच दाणे पाखडत होतो, माझा हात थांबला. ते दुकान आत्ताच्या आत्ता बंद व्हावं असं वाटलं.

मग तो पायरीवर आला. दुकान बंद झालं म्हणून दाजी पिणं सोडणार आहेत थोडेच? घाट उतरून पलीकडच्या गावी जातील आणि तशाच अवस्थेत फटफटीवरून परत येतील. नाहीतर कुणाच्या तरी शेतातली हातभट्टी पितील. आज निदान चालत का होईना, जिवंत घरी येतात.

हेही पटलं. माझी तर पंचाईतच झाली, कुणाला हो म्हणावं कळेना.

तो पुन्हा चिंचेकडं निघाला. पायरीवरच्या मुद्द्याला त्याच्याकडं उत्तर होतं. चिंचेखालच्या उत्तरालाही पायरीवर उत्तर होतं. गेला, आला, पुन्हा गेला… बुवा शेंगा फोडत राहिले.

शेवटी तो मधेच उन्हात थांबला.

“बस की,” बुवा म्हणाले.

“कुठं बसू?”

बुवांनी पुढची शेंग उचलली.

“मला खरंच कळत नाहीये, बुवा. आडवी म्हणालो आणि दाजी घाटात गेले, तर तिचं कुंकू मी पुसलं. उभी म्हणालो, तर यापुढचा प्रत्येक मार मी दिला. मी सांगेन तिथंच ती शिक्का मारणार आहे हो. भीती वाटते मला.”

बोलता बोलता त्याचा आवाज रडवेला झाला. एवढ्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला त्याची कीव आली.

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“तुझे दाजी रात्री किती वाजता घरी येतात?”

“अकरा-साडेअकरा होतात म्हणे.”

“दार कोण उघडतं?”

विश्वंभर गोंधळला. हा मुद्दा कुठल्या बाजूचा, तेच त्याला ठरवता येईना. मलाही येईना.

“त्याचा इथं काय संबंध?”

“कोण उघडतं?”

“ताईच उघडते. दुसरं कोण उघडणार?”

“…आणि मतदान कधी आहे?”

“परवा.”

बुवांनी शेंगांचं सूप पुन्हा पुढं ओढलं.

“मग आज मुक्कामाला तिकडं जा. दार तू उघड.”