येसूची कळ आणि कर्दळीतली परी

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, सळसळत्या बांबूच्या बनाजवळ, एक पिटुकली झोपडी होती. तिथे येसू नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई भागीरथी, अशा दोघीच राहायच्या. घरात खायला जेमतेमच असायचं. आई दिवसभर सुपं आणि टोपल्या विणायची. येसू तिला बांबूच्या कामट्या भिजवून द्यायची आणि काम झालं की वाऱ्यासारखी बनात धावत सुटायची.

एके दुपारी बनाच्या कडेला रचलेल्या ओंडक्यांत शेळीचं एक इवलंसं, पांढरंशुभ्र करडू अडकलं. ते केविलवाणं ओरडत होतं. येसूने वाकून त्याला अलगद ओढून काढलं. करडू टुणटुण उड्या मारत पळालं आणि ओंडक्यांची सगळी रास गडगडत खाली आली. येसूचा उजवा पाय त्या राशीखाली चेंगरला.

गावकऱ्यांनी तिला डोलीत घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पाय काळानिळा पडला. डॉक्टरीणबाईंनी भागीरथीला बाजूला बोलावलं.

"उद्या पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. नाहीतर विष अंगभर पसरेल आणि मुलगी वाचणार नाही."

"दुसरं काहीच नाही का हो, बाई?"

"असतं तर मी हे बोलले नसते. तिला आज सांगून ठेवा. तुमच्या तोंडून कळलेलं बरं."

भागीरथीने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि ती खाटेपाशी आली. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी येसूने विचारलं, "आई, उद्या काय करणार आहेत गं?"

"पाय बरा करणार आहेत, सोन्या," आई म्हणाली. पुढचं तिला बोलवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी येसूला जाग आली तेव्हा तिने चादरीखाली हात घातला. मांडी होती, गुडघा होता, त्याखाली जाडजूड पट्टी होती. पुढे काहीच नव्हतं.

"माझा पाय कुठे आहे?"

आईने तिला जवळ घेतलं. येसूने तिला ढकललं.

"तू म्हणालीस बरा करणार आहेत!"

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आठ दिवस ती आईशी एक शब्द बोलली नाही. पेजेची वाटी तशीच निवून जायची. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट घडायची. जो पाय नव्हताच, तोच दुखायचा. त्याचा अंगठा कुणीतरी पिळवटल्यासारखा व्हायचा आणि येसू किंचाळायची. "असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "शरीर इतक्या लवकर विसरत नाही." मग आई चादरीवरच्या त्या रिकाम्या जागेवर हात फिरवत बसायची. येसू तिचा हात झटकून टाकायची. आई बाहेर जाऊन डोळे पुसायची आणि परत येऊन बसायची.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला जरा उन्हात न्या."

दवाखान्यामागे एक चिमुकली बाग होती. कर्दळीची लालबुंद, केशरी, हळदीसारखी पिवळी फुलं तिथे दवाने लखलखत होती. आईने येसूला पाण्याच्या टाकीजवळ बसवलं आणि ती पेज आणायला गेली.

टाकीच्या पाण्यात काहीतरी सोनेरी फडफडत होतं. चतुर किडा असावा, असं येसूला वाटलं. तिला जगाचा राग आला होता, पण बुडणाऱ्याकडे नुसतं बघत बसणं तिला जमेना. तिने हात लांबवून ते चिमटीत उचललं आणि केशरी फुलात ठेवलं. बघते तर काय! ती बोटाएवढी परी होती. तिचे ओले पंख इंद्रधनुष्याच्या रंगांनी चमकत होते.

"तू मला वाचवलंस, चिमणे. एक इच्छा माग," परी हळूच म्हणाली. "पण माझे नियम आहेत. गेलेलं मला परत आणता येत नाही. आणि दुखणं मला एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतं, बाकी काही नाही."

"म्हणजे माझा पाय नाही मिळणार?"

परीने मान खाली घातली. "नाही गं."

"मग कशाला आलीस तू?" येसू ओरडली. तेवढ्यात ती कळ आली. नसलेला अंगठा पिळवटू लागला. येसू मातीवर आडवी झाली. "हे दुखणं घे! कुणालाही दे!"

"नाव सांगावं लागेल."

समोरून आई वाटी घेऊन येत होती. येसू दात आवळून म्हणाली, "हिला दे. हिने मला फसवलं."

आईने सगळं ऐकलं होतं. तिने परीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. ती घाबरली नाही, तिने काही विचारलंही नाही. "दे, मला दे," ती म्हणाली.

परीने पंख हलवले. वाटी आईच्या हातातून पडली आणि आई मटकन खाली बसली. थोड्या वेळाने श्वास सावरून तिने पहिलं काय विचारलं असेल? "थांबलं का गं तुझं?"

थांबलं होतं. येसू त्या दिवशी पोटभर जेवली. पण आई भिंतीला धरून चालायला लागली. पदराचं टोक दातांत धरून ती येसूची पट्टी धुवायची, केस विंचरायची, कडेवर घेऊन न्हाणीघरात न्यायची. कळ आली की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. तीन दिवस येसू हे बघत राहिली. ती कळ कशी असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही गं."

"आई, खोटं नको बोलूस!"

भागीरथी खाटेवर टेकली. "दुखतंय. फार दुखतंय, येसू. आणि त्या दिवशीही मी खोटंच बोलले. पाय कापणार हे मला ठाऊक होतं. वाटलं, एक रात्र तरी तू न घाबरता झोपशील. चुकलं माझं."

येसूने आईचा हात धरला. मग म्हणाली, "मला बागेत ने."

परी केशरी फुलातच बसली होती.

"परी, माझं दुखणं मला परत दे."

"नको!" आई कळवळली. "राहू दे माझ्याकडे."

"माझं आहे ते," येसू रडत म्हणाली. "तुला ते दुखताना नाही बघवत मला."

परीचे डोळे हिऱ्यासारखे चमकले. "तिसरा एक नियम मला आधी सांगायची मुभा नव्हती. जो आपलं दुखणं दुसऱ्याकडून परत मागतो, त्याचं दुखणं मला स्वतःला घेता येतं."

"पण मग तुला दुखेल!"

"माझ्याजवळ आलं की त्याचा उजेड होतो. पण पाय गेल्याचं दुःख मला उचलवत नाही गं, चिमणे. ते तुमच्याजवळच राहील."

तिने फुलातून वाकून एक इवलासा हात येसूच्या गुडघ्यावर ठेवला, दुसरा शेजारी टेकलेल्या आईच्या बोटावर. तिचे पंख सोनेरी झाले, मग पांढरे झाले. सगळी कर्दळ आतून दिवा लावल्यासारखी उजळली. दोघींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फुलात फक्त ऊन होतं.

कळ गेली होती, पण पाय नव्हताच. येसूने आईच्या गळ्यात हात टाकले आणि आपल्या पायासाठी ती पहिल्यांदा मोठमोठ्याने रडली. आईही रडली. दोघींना कुणी गप्प केलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा येसूने नाक पुसलं. "आई, मला उभं कर."

आईने तिला काखेत हात घालून उचललं. येसूने डावा पाय जमिनीवर टेकवला.

"मी पडेन का गं?"

"हो, पडशील," आई म्हणाली आणि तिने येसूचा हात आपल्या खांद्यावर घट्ट धरला.