चपलांजवळ कोण बसणार?

रविवार, २८ एप्रिल. आभाळ कोरडं. साडेआठालाच चर्चच्या पायऱ्या तव्यासारख्या तापल्या होत्या, आणि त्या तव्यावर दोन थोर माणसं अनवाणी नाचत होती. पण आत कोणी शिरेना!

सोनपिंपरीच्या चर्चमध्ये जोडे बाहेर काढून मिरवणुकीने आत जायची रीत. लहान आधी, मोठे मागून, सगळ्यात शेवटी बिशपसाहेब. त्यांच्या लगेच पुढची मानाची जागा कोणाची, यावरून घोडं अडलं होतं, आणि वर घंटा तर वाजतच होती.

“सेक्रेटरीसाहेब, आधी तुम्ही!” पाळक उजागरे म्हणाले.

“छे छे, पाळकसाहेब! आधी तुम्ही. मी आपला नम्र सेवक,” मंडळीचे सेक्रेटरी हिवाळे म्हणाले.

“माझ्याहून नम्र? शक्यच नाही!”

बिशपसाहेब हट्टी. त्यांनी हातातली काठी आपटली. “यात मोठा कोण, हे मी सांगणार नाही! घंटा थांबेपर्यंत दोघे आत गेले नाहीत, तर मी निघालो. दृढीकरण पुढच्या वर्षी!”

चपला राखणारी रिबकाबाई लगबगीने पुढे झाली. तिच्या लेकीचं, सुलभाचं, आज दृढीकरण, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करून घ्यायचा विधी; आणि शनिवारी लग्न. दृढीकरणावाचून लग्न लागायचं नाही.

“साहेब, मी धाडू का दोघांना आत?”

“धाड. पण ढकलायचं नाही, विनवायचं नाही, आणि मोठा-धाकटा ठरवायचा नाही!”

“बरं,” म्हणत रिबकाबाईने पदर खोचला आणि मोठ्याने सांगितलं, “मंडळी, आज मी लेकीसाठी आत बसणार! जो मागे राहील, त्याने चपलांजवळ बसावं!”

एवढं ऐकायचा अवकाश! बिशप काही चपला राखणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक. मग राहिलं कोण? पाळकांनी झगा उचलला, सेक्रेटरींनी धोतर. दोघे एकदमच अरुंद दारात घुसले, खांद्याला खांदा अडकला, आणि “आई गं!” म्हणत धप्पकन आत पडले.

घंटा थांबली.

“अगं, पण आता मागे मीच राहिलो की!” बिशपसाहेब म्हणाले.

“म्हणून तर मला घोर नाही, साहेब. काठी आपल्याच हातात आहे. कुत्रं आलं तर हाकला!”

बिशपसाहेब पोट धरून हसले आणि खरोखरच पायरीवर बसले. पहिलं गीत संपल्यावर त्यांनी पाळक आणि सेक्रेटरींना बाहेर बोलावून चपलांच्या दोन बाजूंना बसवलं. वेदीजवळची पाळकांची खुर्ची रिबकाबाईला दिली.

दृढीकरण सव्वीस जणांचं झालं. सुलभाचं सगळ्यात आधी.