कुबडीचं माप

"पण मी पाठ फिरवली आणि ती पडली तर?"

आक्का हुलगे निवडत होत्या. सुपातला एक खडा त्यांनी बोटानं उडवला.

"तर मग फिरवू नकोस."

"असं कसं चालेल, आक्का? कुठंतरी थांबावं लागतं. उतरावं लागतं. चहा, जेवण..."

"मग फिरव."

शाल्मली मान वळवून पुन्हा अंगणाकडे बघू लागली.

अंगणात चिंचेखाली तिची मोटारसायकल उभी होती. लांबच्या प्रवासाची, चांगली दांडगी. दोन्ही बाजूंना पेट्या, मागं बांधलेला तंबू, टाकीवर फुगलेली पिशवी. उद्या पहाटे ती गटाबरोबर रामेश्वरला निघायची होती. सामान आजच लादून, आक्कांच्या पाया पडावं म्हणून साताऱ्याहून पठारावरच्या या मठात आली होती. पाया पडून झालं. आशीर्वाद मिळाला. तरी तिचं बूड काही जमिनीला टेकेना.

पठारावर वारा सुटला होता. चिंच सळसळली की ती अर्धी उठायची. गाडी उभी दिसली की बसायची.

"तुझ्यापरीस आमची काशी बरी," आक्का म्हणाल्या. काशी म्हणजे मठातली शेळी. "तिला मोकळी सोडली तरी घटकाभर बसती."

"तुम्ही हसा, आक्का. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही."

"सांगितल्याबिगर कसं कळंल?"

शाल्मलीनं सांगितलं.

मागच्या वेळी घाटातल्या टपरीवर चहा पिऊन सगळे निघाले. सगळ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. हिची गाडी मात्र बाजूच्या स्टँडवर डावीकडे कलून पडल्यासारखी उभी, आणि हिला ती सरळ करता येईना. एकदा जोर लावला. पुन्हा लावला. खडीवरून पाय घसरला आणि गाडी गेली आडवी. उडी मारली म्हणून पाय वाचला.

"मग?"

"दोन ट्रकवाले आले. त्यांनी उचलली."

"भली माणसं."

"भली कसली. म्हणाले, ताई, पुढच्या बारीला हिला घरी ठेवा आणि तुम्ही एसटीनं या."

आक्का खुदकन हसल्या. शाल्मली हसली नाही.

"गटाचा नियम आहे, आक्का. ज्याची गाडी, त्यानं उचलायची. परागनं, म्हणजे आमच्या म्होरक्यानं, सगळ्यांसमोर सांगितलं... आता पुन्हा कुणाला हाक मारलीस तर तिथूनच परत फिरायचं. रामेश्वरासाठी मी वर्षभर रजा साठवल्यात."

वाऱ्यानं चिंच हलली. शाल्मली उठली, बघितलं, बसली.

"म्हणून मी उपाय केला," ती भराभर बोलू लागली. कॉलेजात ती यंत्रांचं शिकलेली. आकृती काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे, ती तिनं आताही ओसरीच्या धुळीत बोटानं काढली. "हा स्टँड. हा आखूड, म्हणून गाडी फार कलते. फार कलते म्हणून उचलायला जड. मग मी स्टँडच्या पायाखाली लोखंडी ठोकळा बसवून घेतला. दोन बोटं जाडीचा. आता गाडी बघा कशी ताठ उभी राहते. गॅरेजात मी एका हातानं सरळ केली. सगळे बघत राहिले."

"मग झालं की."

"झालं."

"मग बस की."

शाल्मलीनं धुळीतली आकृती पुसली.

"आता ती उचलता येते," ती हळू म्हणाली. "सोडता येत नाही."

बोलून ती स्वतःच दचकली.

आक्कांनी सूप हलवलं. त्या मांडी घालून बसल्या होत्या. काखेत कुबडी. लंगड्याची नव्हे, बसल्या जागी हात टेकवायची. वीतभर आडवी मूठ आणि खाली हातभर दांडा. या मठात ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकाला आक्का एक कुबडी करून देत. आतल्या भिंतीवर खुंट्यांना त्या टांगलेल्या असत. कुणाचीही दुसऱ्याला चालत नसे.

शाल्मलीला अजून मिळाली नव्हती. हे तिचं दुसरं दुखणं.

ती मठात येऊ लागली तेव्हापासून तिच्याइतकं ताठ कुणी बसलं नव्हतं. पाठ भिंतीला लागू द्यायची नाही, खांदा पडू द्यायचा नाही. आणि तिच्यामागून आलेल्या शेवंताबाईंना, ज्या ध्यानात चक्क घोरत, त्यांना कुबडी मिळाली.

"आक्का, माझी कुबडी कधी?" आता बोलतेच आहे तर हेही बोलून घ्यावं, असं तिला झालं होतं.

"तुला कशाला? ताठ तर बसतीस."

"म्हणूनच तर."

आक्कांनी तिच्याकडे बघितलं. मग उठल्या, आत गेल्या आणि खुंटीवरची एक कुबडी घेऊन आल्या.

"ही लाव बघू."

शाल्मलीनं मांडी घातली. कणा सरळ केला. कुबडी काखेखाली घेतली. बेतून केल्यासारखी बसली.

"अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

"व्हय?" आक्कांनी सूप तिच्या पुढ्यात सरकवलं. "मग निवड एवढे. कुबडी काढायची न्हाई."

शाल्मली एका हातानं हुलगे निवडू लागली. आक्का काहीबाही बोलत राहिल्या. टाक्यातलं पाणी कसं आटलंय, शेवंताबाईंच्या सुनेला कसली नोकरी लागली, काशी कशी कुणाच्याही चपला खाते. शाल्मली हूं हूं करत होती. अर्धं लक्ष खड्यांत, अर्धं अंगणात. वारा आला की ती दचके, आणि दर दचक्याला थोडी थोडी थके.

ऊन चिंचेच्या बुंध्यावरून उतरलं.

शाल्मलीचा खांदा दुखू लागला. तिनं कुबडी पुढं घेतली. मागं घेतली. आता ती काखेत रुतत होती, डावा खांदा कानाशी नेऊन ठेवत होती आणि सगळं अंग उजवीकडे ढकलत होती. पडू नये म्हणून तिला उजवा हात जमिनीला टेकवावा लागला.

"आक्का, ही लांब आहे."

"मघाशी बरोबर हुती."

"मघाशी मी ताठ होते."

...

एक हुलगा उचलून आक्कांनी उजेडात धरला, आणि परत सुपात टाकला.

"तुम्ही माप कधी घेता?" शाल्मलीनं विचारलं.

"दिवसभर पाणी वाहायला लावते. अंगण सारवायला लावते. दिवस कलला की बसवते. मग एक घडी अशी येती, माणूस ताठ बसायचं इसरतं. तवा दोरी लावते."

"शेवंताबाईंचं?"

"त्यांचं पहिल्याच दिवशी मिळालं."

शाल्मलीचे डोळे अंगणाकडे गेले. पण या वेळी ती गाडीकडे बघत नव्हती. गाडीवरच्या सामानाकडे बघत होती. पेट्या. तंबू. फुगलेली पिशवी. त्या वजनानं गाडी खाली दबली होती. गाडी खाली आली की तोच ठोकळा जास्त उंच होतो. गॅरेजात थोडी कललेली गाडी इथं जवळजवळ सरळ उभी होती... नुसती उभी, कशावरही न टेकता.

"माप मी रिकाम्या गाडीचं घेतलं," ती म्हणाली.

तेवढ्यात काशी चिंचेखाली आली. तिनं डाव्या पेटीला शिंग लावलं आणि मान घासू लागली.

"काशी, हूट..."

सूप उपडं झालं. हुलगे ओसरीभर गेले. शाल्मली अनवाणी धावली. गाडी उजवीकडे झुकू लागली होती, सावकाश, एखादं मोठं जनावर बसायला घ्यावं तशी. शाल्मली तिच्या उजव्या अंगाला पोचली, दोन्ही हातांनी धरली, कंबर लावली. गाडी थांबली.

आता ती गाडी धरून उभी. सोडली तर पडते. डावीकडे रेलवली तरी स्टँडवर राहत नाही. काशी दोन पावलं मागं सरून तिच्याकडे बघत रवंथ करू लागली.

आक्का कुबडी टेकत, वाकून चालत आल्या. त्यांना घाई नव्हती.

"आक्का, काहीतरी द्या ना. दगड, वीट, काहीतरी खाली घालायला."

"किती वेळ धरशील?"

"आक्का, हात थरथरतायत माझे."

"ते दिसतंय."

आक्का गाडीच्या डाव्या अंगाला गेल्या. खाली बसल्या. स्टँडचा पाय जिथं टेकला होता ती जागा त्यांनी बघितली. शाल्मलीला वाटलं, आता पदरातून एखादा चपटा दगड निघणार. घाटात, वाळूत, कुठंही स्टँडखाली माणसं काहीतरी घालतातच.

आक्कांनी कुबडी उलटी धरली आणि तिच्या टोकानं माती उकरायला सुरुवात केली.

"अहो आक्का... खड्डा कशाला?"

"जरा उचलून धर."

शाल्मलीनं गाडी आपल्याकडे ओढून धरली. स्टँडचा पाय अधांतरी झाला. आक्कांनी त्याच्याखाली ओंजळभर माती काढली, तळ हातानं थापटला.

"सोड आता."

"पडेल."

"सोड."

शाल्मलीनं सोडली नाही. हातांनीच सोडली, थकून. गाडी डावीकडे गेली. पाय खड्ड्यात बसला. पेट्या करकरल्या, आणि सगळी गाडी आपलं वजन स्टँडवर टाकून कलून उभी राहिली. घाटातल्या त्या टपरीवर राहिली होती तशी.

काशीनं पुढं येऊन पुन्हा पेटीला मान घासली. गाडी हलली नाही.

दोघी बघत राहिल्या.

"पण आता पुन्हा जड झाली," शाल्मली म्हणाली. "मी उचलणार कशी?"

"मागच्या बारीला कशी उचलली?"

"सांगितलं की. दोन ट्रकवाल्यांनी."

"ते मेले का?"

"आक्का..."

"रामेश्वरापातुर ट्रक न्हाईत का?"

"हसतात लोक."

"हसत हसत उचलली का न्हाई?"

शाल्मलीनं मातीचे हात विजारीला पुसले. गटाचा नियम तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि परागचा चेहरा. उद्या कुठल्याशा धाब्यावर, सगळ्यांसमोर, परत फिर म्हणणारा. तिला वाटलं, जाऊच नये. मग वाटलं, गुपचूप जावं आणि उतरूच नये. तहान लागली तरी.

मग तिनं फोन काढला. ओसरीच्या टोकाला रेंज येत असे, तिथं जाऊन उभी राहिली.

"पराग, मी शाल्मली. ऐक ना, तो ठोकळा मी आज घरी गेल्यावर काढून टाकतेय... हो. सामानानिशी गाडी पडते त्यानं... नाही, मला एकटीला उचलता येणार नाही. खरं सांगतेय. कधी येईल, कधी नाही. मला हात लागेल कुणाचातरी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नियम माहितीय मला," ती म्हणाली. "तरी यायचंय."

...

"पहाटे नाक्यावर ये," परागचा आवाज आला. "सगळ्यांसमोर सांग हेच. मग ठरवू."

फोन बंद झाला. हो म्हणाला की नाही म्हणाला, तिला कळलं नाही. ती ओसरीवर परत आली आणि सांडलेले हुलगे गोळा करू लागली. आक्कांनीही समोरून सुरुवात केली. वारा चालूच होता. चिंच सळसळत होती. कुठंतरी एक पत्रा धाडकन वाजला, शाल्मली दचकली, पण मान वळली नाही. हुलगे सुपात भरले तेव्हा ती तिथंच मांडी घालून बसली. पाठ वाकलेली. डावा खांदा उतरलेला. गुडघ्यावर मातीचे हात.

"आक्का, पहाटे ते नको म्हणाले तर?"

समोर आक्का नव्हत्या.

मागून काहीतरी तिच्या काखेला लागलं आणि ती केवढी तरी दचकली. आक्का तिच्या पाठीशी येऊन बसल्या होत्या. हातात सुताची दोरी होती. दोरीचं एक टोक त्यांनी जमिनीला दाबून धरलं होतं.

शाल्मलीला कळलं, तसा तिचा कणा आपोआप सरळ होऊ लागला.

आक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता ताठ होऊ नकोस, पोरी. माप घेतीय."