घरी भरलेली शाई

नदीकाठच्या एका लहानशा बाजाराच्या गावात भालबा तुपे नावाचा माणूस राहत होता. त्याच्या सोप्यात एक संगणक होता आणि एक प्रिंटर. गावातल्या लोकांचे अर्ज, दाखल्यांच्या नकला, फोटो असं काहीबाही तो घरबसल्या छापून द्यायचा. माणूस कष्टाळू, बोलायला गोड, आणि काटकसरी तर असा, की काडेपेटीतली काडी उभी चिरून दोनदा वापरली असती.

प्रिंटरची शाई ज्या डबीत असते तिला कार्ट्रिज म्हणतात. शाई संपली की नवी डबी घ्यावी लागते आणि ती फार महाग पडते. भालबाला हे पटायचं नाही. डबी धडधाकट आहे, पोटातली शाई तेवढी संपली, मग डबी फेकायची कशाला? त्याने शहरातून सुट्या शाईच्या बाटल्या आणल्या. डबीवरचा कागद सोलायचा, खालच्या बारीक भोकात सुई घालायची आणि सिरिंजने थेंब थेंब शाई सोडायची, हे तो आपलं आपण शिकला. पहिल्या महिन्यात सोप्याची फरशी निळी झाली आणि त्याच्या बायकोची, मालनची, एक साडी कामातून गेली. पण हळूहळू हात बसला. भालबाची बोटं पाहून आज कोणता रंग संपला ते लोक सांगू लागले.

यात वाईट काहीच नव्हतं. अर्ज कचेरीत जायचा, त्यावर शिक्का बसायचा आणि पुढे त्याची रद्दीच व्हायची. तेवढ्यासाठी महागडी शाई कोण घालवणार? इथवर भालबाला शहाणाच म्हणायला हवं.

फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती तो कुणाला सांगत नव्हता. ही शाई उन्हाला टिकत नसे. याच शाईने छापून स्वतःच्या देवळीजवळ लावलेला देवीचा फोटो उन्हाने सहा महिन्यांत फिका पडलेला त्याने पाहिला होता. म्हणून कंपनीच्या शाईचा एक कोरा संच त्याने कपाटात ठेवला होता. सरपंचांचं काम आलं, कुणाच्या लग्नाचा मोठा फोटो आला, की तेवढ्यापुरता तो संच बाहेर निघायचा.

श्रावणात एकदा चंद्राक्का आली. लोकांच्या शेवया-पापड करून पोट भरणारी, एकटी राहणारी म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हौसा नावाची एकच मुलगी, ती सात वर्षांची असताना तापाने गेली. हौसाचा जन्मात एकच फोटो निघाला होता, तोही जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला. निळं परकर-पोलकं घातलेली, हातात पत्र्याची शिट्टी, आणि हसावं की रडावं ते न ठरलेलं तोंड. ओल लागून त्या फोटोची एक कड कुजली होती आणि डाग चेहऱ्याकडे सरकत होता. तोंडाला लागायच्या आत नवा मोठा करून दे, म्हणून चंद्राक्का आली होती. ती कनवटीची गाठ सोडू लागली, पण भालबाने सोडू दिली नाही. तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणाला. मनाने तो काही वाईट नव्हता.

एकदा त्याचा हात कपाटाकडे गेलासुद्धा. मग त्याने विचार केला, काम फुकटाचं, म्हातारीची नजर अधू, तिला काय फरक कळणार आहे? घरी भरलेल्या शाईनेच त्याने फोटो छापला. फोटो सुरेख उतरला, हे खरं. चंद्राक्का कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत बसली.

आपल्याकडे देवाचा जुना फोटो किंवा गेलेल्या माणसाची तसबीर कुणी केरात टाकत नाही, नदीला सोडतात. उठता उठता चंद्राक्काने विचारलं, "टिकंल न्हवं रं ह्यो?"

"टिकंल की अक्का. तुझ्या-माझ्या माघारी बी टिकंल."

"मग जुना सोडू पाण्यात? लेकराचं तोंड कुजल्यालं बघवायचं न्हाई मला."

थांब, जुना जपून ठेव, एवढंच भालबा म्हणाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मग जपून का ठेवायचा, हेही सांगावं लागलं असतं.

"सोड," तो म्हणाला.

सर्वपित्री अमावास्येला चंद्राक्काने तो फोटो नदीत सोडला.

दिवाळीत भालबाने संगणक साफ केला. जागा भरली की तो लोकांचे जुने फोटो पुसून टाकायचा, साठवायला आणखी काही विकत घेणं त्याच्या जिवावर यायचं. त्या फोटोंबरोबर हौसाही पुसली गेली. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

इकडे चंद्राक्काने नवा फोटो दारासमोरच्या भिंतीला लावला होता. सकाळी दार उघडलं की पहिलं ऊन लेकीच्या तोंडावर पडावं, अशी तिची हौस. ते ऊनच फोटो खात होतं. संक्रांतीपर्यंत गालांचा रंग गेला, मग ओठ गेले, शिमग्याला डोळे.

चंद्राक्काला वाटलं, आपलीच दृष्टी चालली. शहरात डोळ्यांचं शिबिर होतं आणि त्याचा अर्ज भालबाच भरून द्यायचा, म्हणून ती त्याच्याकडे आली. "भालबा, माझं डोळं गेलं बघ," ती म्हणाली. "बाकी समदं दिसतंय, लेकीचं तोंडच दिसंना."

भालबाला सगळं उमगलं. तेव्हा तरी त्याने खरं बोलायचं होतं. पण एकदा दिलेला शब्द खोटा होता हे सांगायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. मोतीबिंदू असेल, असं पुटपुटून त्याने अर्ज भरून दिला.

शिबिरात डॉक्टरांना मोतीबिंदू सापडलाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात तो सापडायचाच. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली ती बाई एकटी शहरात गेली आणि डोळ्यावर सुरी फिरवून घेतली, कशासाठी, तर लेकीचं तोंड दिसावं म्हणून. पट्टी सुटली. परत येताना एसटीच्या खिडकीतून तिला झाडांचं पान न् पान दिसत होतं. ती घरी आली आणि चपला न काढता फोटोसमोर जाऊन उभी राहिली. परकराचा निळा रंग उरला होता. शिट्टी धरलेला हात कळत होता. तोंडाच्या जागी नुसता कागद होता.

तिच्या येण्याची वार्ता लागली तसं भालबाला राहवेना. तो गेला तेव्हा चंद्राक्का फोटोच्या काचेवरून बोट फिरवत होती. उंबऱ्यात उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. शाई कसली होती ते सांगितलं, कपाटातला संच सांगितला, संगणकातून फोटो पुसला तेही सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तिने त्याही दिल्या नाहीत.

"तू नुसतं ठेव म्हणला असतास," ती म्हणाली, "तर कुजल्याला बी मी उराशी धरला असता रं. एकदा तापानं नेली तिला. ह्या खेपंला मीच माझ्या हातानं पाण्यात सोडली."

भालबा तिच्या पायाशी बसला. शहरात एक चित्रकार आहे, वर्णन सांगितलं की हुबेहूब काढतो, तू सांग, मी लिहून घेतो, असं तो पुन्हा पुन्हा विनवू लागला. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या मनात खर्चाचा विचार आला नाही. चंद्राक्काने डोळे मिटले. नाक जरा बसकं होतं, म्हणाली. कपाळ मोठं. मग ती भुवया सांगू लागली आणि मध्येच अडली. लेक गेल्याला चाळीस वर्षं झाली होती आणि ही चाळीस वर्षं ती लेकीला त्या फोटोतच बघत आली होती.

भालबाने कागदावर दोनच ओळी लिहिल्या होत्या.

"आठवंना रं," ती म्हणाली. "भालबा, मला माझ्या लेकीचं तोंड आठवंना."

तात्पर्य: काटकसर आपल्या वस्तूत करावी. कुणी विश्वासाने आपली एकुलती एक ठेव हाती दिली, तर तिच्यात करू नये, आणि केलीच तर आधी तसं सांगावं. खोट्या शब्दाने गेलेली गोष्ट मागाहून खरं बोलून परत येत नाही.