घोरणाऱ्या राजाचं सोंग

या बघू जवळ सगळे. पाय पांघरुणात घ्या. तर एकदा काय झालं, एका तळ्याकाठी एक राजा राज्य करत होता. देवपाळ त्याचं नाव. मनानं चांगला, पण कानाचा हलका, बरं का.

त्याच्या गावात रायाजी नावाचा बहुरूपी होता. सोंगं काढून लोकांना हसवायचा. तिथली रीतच होती, शिमग्याला भर दरबारात रायाजीनं हवं त्याचं सोंग काढावं आणि कुणी रागावू नये.

एका शिमग्याला रायाजीनं राजाचंच सोंग काढलं. दरबारात खरंच घडलं होतं तस्संच, खालच्या आळीतली एक म्हातारी गाऱ्हाणं सांगतेय आणि हा सिंहासनावर चक्क घोरतोय. दरबार पोट धरून हसला. राजाही हसला आणि दुसऱ्या दिवसापासून दरबारात जागा राहू लागला. पण प्रधानानं कान भरले, "महाराज, पोरंसोरं गल्लीत घोरून दाखवतात." राजाला ते लागलं. मग हुकूम निघाला, राजाचं सोंग काढायचं नाही.

दुसऱ्या वर्षी रायाजीनं वैद्याचं सोंग काढलं, सावकाराचं काढलं, सुनेला घालूनपाडून बोलणाऱ्या सासूचंही काढलं. मग काय, सगळा गाव रुसून वाड्यावर आला. ज्याला त्याला सोंग हवं, पण शेजाऱ्याचं. राजा कंटाळला. हुकूम निघाला, कुणाही माणसाचं सोंग काढायचं नाही.

तिसऱ्या वर्षी रायाजी भिंत होऊन आला. तळ्याची नवी भिंत, प्रधानानं बांधलेली. अंगाला बाहेरून चुना फासलेला आणि आत नुसतं गवत. चालला की गवत गळायचं. लोक हसायला लागले आणि प्रधानाचं तोंड उतरलं. "महाराज, ही तर राज्याच्या कामाची टिंगल," तो म्हणाला. राजानं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाला, "पुरे कर, रायाजी. आजपासून सोंगं बंद."

तेवढं गवत तरी बघायचं होतं की नाही त्यानं?

मग श्रावणात तळं तुडुंब भरलं आणि भिंत फुटली. खालच्या आळीतली घरं गेली, गुरं गेली, तीन माणसंही गेली. त्यांतली एक ती गाऱ्हाणं सांगणारी म्हातारी. सकाळी राजा काठावर आला, तर पाण्यावर सगळीकडे गवत तरंगत होतं. तेव्हा त्याला रायाजी आठवला. तो तिथंच चिखलात बसला आणि रडला.

मग त्यानं प्रधानाला हाकललं, दगडाची पक्की भिंत बांधली, तिन्ही हुकूम मागं घेतले. आणि स्वतः पायी रायाजीच्या घरी गेला. म्हणाला, "रायाजी, माझी चूक झाली. पुन्हा माझं सोंग काढ."

रायाजीनं हात जोडले. "काढलं असतं, महाराज. पण आता सोंग सुचलं की आधी मनात येतं, हे चालेल का? तेवढ्यात ते निघून जातं."

पुढच्या शिमग्याला दरबार भरला. सोंग काढायला कुणीच उठेना. मग राजा स्वतःच उठला. सिंहासनावर आडवा झाला आणि मोठमोठ्यानं घोरला, रायाजी घोरायचा तस्सा. वाट बघत राहिला. पण कुणी हसेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी नवा प्रधान हळूच म्हणाला, "वा महाराज, काय सुंदर घोरलात."

राजाचे डोळे भरून आले.

पुढं पीक चांगलं आलं, भिंत टिकली, गाव खाऊनपिऊन सुखात राहिला. फक्त राजा दर शिमग्याला घोरायचा आणि कान देऊन बसायचा, कुणी हसतंय का म्हणून.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि पलीकडे तुमचे आजोबा घोरताहेत ना, त्यांना खुशाल हसा हं, बाळांनो. हसा आणि मग झोपा.