शिवणीच्या वाडग्याची जड बाजू

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आमच्या घरी लाकडी वाडगे आणि काठवटी कातण्याचे काम चालते. पटाशी आई धरते. मोठ्या काठवटीचे लाकूड फिरवायला आमच्याकडे अजून दोरीच ओढावी लागते, आणि जो पहिल्यांदा दोरी हातात घेतो त्यालाच ही गोष्ट सांगायची असा घरचा नियम आहे. इतके दिवस दोरी मावशी ओढायची. ती सासरी गेली, म्हणून काल दोरी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर गोष्टही. "बाहेर बोलू नकोस हं," आई म्हणाली. मी एरवीही फारशी बोलत नाही. पण लिहू नकोस असे काही ती म्हणाली नाही.

गोष्ट अशी. विहारात एक भिक्षू आपल्या सोबत्याशी बोलेनासा झाला होता. भिक्षेच्या वाटेवर सोबत्याने त्याच्या अंगावरचे चीवर मागून इतक्या जोरात ओढले की हातातले पात्र पडले आणि सगळा भात मातीत गेला. पुढच्या गवतात साप होता, तो या रागावलेल्या भिक्षूने पाहिलाच नव्हता. शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्याला जवळ बसवले आणि ते म्हणाले, "भिक्षू, असा तू आजच रागावला आहेस असे नाही. पूर्वीही एकदा रागावला होतास." मग त्यांनी ही कथा सांगितली.

पूर्वी सुनेत्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या नगरापासून दोन कोसांवर, कातारी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या लोकांच्या खेड्यात जन्मला. त्याचे नाव सुदंत होते. भद्रक नावाच्या कातारीकडे तो दोरी ओढण्याचे काम करी.

ते काम असे चाले. जमिनीत रोवलेल्या दोन खुंटांच्या मध्ये लाकडाचा गोळा आडवा बसवीत आणि त्याच्या दांड्याला दोरीचे तीन वेढे देत. सुदंत दोरीचे एक टोक ओढी, मग दुसरे. लाकूड पुढे फिरे, मग मागे. पुढे फिरताना भद्रक पटाशी टेकवी, मागे फिरताना उचलून धरी. ढलप्या उडत, आणि हळूहळू लाकडाच्या पोटातून वाडगा बाहेर येई. लोक वाडगा हातात घेऊन म्हणत, "वा, भद्रका!" दोरी कोण ओढत होते हे कुणी विचारीत नसे. सुदंताला त्याचे वाईट वाटत नसे. पण त्याच्या मनात एक इच्छा होती. एकदा तरी पटाशी आपल्या हातात असावी, एवढीच. या इच्छेला बारा वर्षे झाली होती.

त्या खेड्यात एक रीत होती. कातारी "पुरे" म्हणेपर्यंत दोरी थांबवायची नाही. दोरी मध्येच थांबली तर पटाशी लाकडात रुतते आणि वाडगा जातो. म्हणून जो न सांगता दोरी सोडील, त्याच्या हाती गावात कुणीही कधीच पटाशी द्यायची नाही, असे ठरलेले होते.

एके दिवशी राजाचा माणूस बैलगाडीतून शिवणीच्या झाडाचा मोठा ओंडका घेऊन आला. राजपुत्राची उष्टावण सात दिवसांवर आली होती. त्याला पहिला भात राजवनातल्या शिवणीच्या वाडग्यातून भरवायचा होता, आणि तो वाडगा भद्रकानेच करावा असे राजाने सांगितले होते. ओंडका तीन पावसाळे वाळलेला होता. भद्रकाने त्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि तो खूश झाला.

"सुदंता," तो म्हणाला, "माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. हा वाडगा झाला की पटाशी तुझी. मी ओट्यावर बसून तुला नावं ठेवीन."

"ते तर तुम्ही आत्ताही ठेवता," आतून भद्रकाची बायको सोमा म्हणाली.

पहिल्या दिवशी वाडग्याची बाहेरची बाजू कातली. सुदंताला दोरीत काहीतरी वेगळे जाणवले. लाकूड एका ठिकाणी आले की दोरी आपणहून पुढे सरके, आणि तिथून पुढे ती जड होई. प्रत्येक फेऱ्यात, त्याच जागी.

"दादा, एक बाजू जड लागतेय."

भद्रकाने वाडगा फिरवून पाहिला, पुन्हा टकटक केली. आवाज स्वच्छ होता. "लाकूड नाही, तुझा हात जड झालाय. काल जेवलास काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी आतला भाग कोरायला सुरुवात झाली. लाकूड जसजसे कमी होत गेले तसतशी ती जड बाजू जास्तच जड लागू लागली. सुदंताने पुन्हा सांगितले. या वेळी भद्रकाने वर पाहिलेही नाही. "बारा वर्षं गप्प बसलास, आता दोन दिवस गप्प बसवत नाही? पटाशी मिळणार म्हणून आत्ताच कातारी झालास वाटतं!"

तिसऱ्या दिवशी वाडग्याचा तळ राहिला होता. तळ कोरताना कातारीला फार वाकावे लागते. भद्रकाची नजर अधू झाल्यामुळे त्याचा चेहरा लाकडापासून वीतभरच दूर होता. सुदंत दोरी ओढत होता आणि प्रत्येक फेऱ्याला तो झटका त्याच्या खांद्यापर्यंत येत होता. आत काहीतरी आहे, आणि पटाशी त्याच्याकडे चालली आहे, हे त्याला कळले. लाकडात धोंडा किंवा लोखंड असेल तर पटाशी उलटी उसळते. ती कुठे लागेल हेही त्याला दिसत होते.

सुदंताने विचार केला, 'दोनदा सांगून झाले, दादा ऐकत नाहीत. मी थांबलो आणि आत काही नसले, तर पटाशी मला कधीच मिळणार नाही. मी थांबलो नाही आणि आत काही असले, तर दादाचा डोळा जाईल, कदाचित जीवही. पटाशी मात्र आपोआप माझ्याकडे येईल. अशी पटाशी घेऊन मी काय कातणार?'

आणि त्याने दोरी थांबवली.

पटाशी रुतली. वाडग्याच्या काठाचा एक तुकडा तडकन उडून ओट्यावर पडला.

भद्रकाने तो तुकडा उचलून हातात घेतला. मग तो एवढा ओरडला की शेजारच्या घरांतली पटाशीची कामे थांबली. "राजपुत्राचा वाडगा! चार दिवस राहिलेत! तुला पटाशीची घाई झाली होती ना? आता या जन्मात नाही मिळायची."

"दादा, एकदा लाकूड फोडून बघा."

"अजून फोडायचं काय राहिलंय? चालता हो."

सुदंताने दोरी नीट गुंडाळून खुंटीला टांगली. बारा वर्षे रोज ठेवायचा तशीच. दारात सोमा उभी होती. तो तिला हळूच म्हणाला, "वहिनी, दादा आता काठ खाली उतरवून वाडगा वाचवायला बघतील. दोरी तुमच्याच हातात देतील. तेव्हा डोळे मिटून ओढा. एवढंच करा." आणि तो गेला. कुणाविषयी एक वाईट शब्दही त्याने उच्चारला नाही.

तसेच झाले. भद्रकाने तुटलेला काठ पाहिला, बोटाने मापला आणि सोमाला हाक मारली. "ये. काठ दोन बोटं खाली घेतो, तळ पूर्ण करतो. ओढ दोरी. आणि मी पुरे म्हटल्याशिवाय थांबू नकोस."

सोमाने दोरी धरली आणि डोळे मिटले. भद्रक वाकला. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला ती म्हणाली, "अहो, पटाशी उचला."

"का?"

"आधी उचला म्हणते ना!"

त्याने उचलली. सोमाने दोरी सोडून दिली. "हे एका बाजूला ओढतंय. माझा हात धरून कुणी खेचावं तसं."

"तूसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. मलाही तुमची पटाशी हवीय असं वाटतं का? माझ्या स्वयंपाकघरात काय कमी हत्यारं आहेत?"

भद्रक उठला. त्याने वाडगा खुंटांमधून काढला, मांडीवर घेतला आणि बारीक पटाशीने हातानेच, हळूहळू, जड बाजूचा तळ टोकरू लागला. लाकडाचा एक पापुद्रा निघाला, मग दुसरा, मग आवाज झाला. टण्.

आत भाल्याचे पाते होते, गंजून काळे पडलेले, बोटभर जाड. कोण जाणे किती वर्षांपूर्वी ते झाडात रुतून मोडले असावे, आणि झाडाने त्याच्याभोवती वाढून ते पोटात घेतले होते. कातलेला तळ आणि ते पाते यांच्यामध्ये नखाएवढेच लाकूड उरले होते.

भद्रकाने आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवला. दोन्ही डोळ्यांवरून, नाकावरून, गळ्यावरून. सगळे जागच्या जागी होते. सोमा रडतारडता हसू लागली. मग म्हणाली, "आता बसून काय राहिलात? जा की!"

सुदंत गावाबाहेरच्या विहिरीवर सापडला. गुराख्यांच्या गाईंसाठी तो रहाटाने पाणी काढत होता.

"तुला दोरीशिवाय दुसरं काही सुचत नाही का रे?" भद्रक म्हणाला. त्याने ते पाते पुढे धरले.

सुदंताने पात्याकडे बघितलेच नाही. त्याने भद्रकाच्या तोंडाकडे पाहिले. "दादा, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

भद्रकाने मान हलवली. मग तोही रहाटाच्या दोरीला लागला, आणि गाईंचे पाणी होईपर्यंत दोघांनी मिळून ती ओढली.

राजाचा ओंडका वाया गेला होता. घरात चांगली वाळलेली शिवण एकच होती. सोमा ज्यावर बसून स्वयंपाक करी तो ठोकळा. भद्रकाने तो उचलला तेव्हा ती म्हणाली, "घ्या, घ्या. राजपुत्राला सांगा, हा वाडगा माझ्या वजनाने सिद्ध झालाय."

भद्रकाने ठोकळा खुंटांमध्ये बसवला आणि पटाशी सुदंताच्या हातात दिली. स्वतः दोरी धरली. थोड्याच वेळात तो घामाने भिजला. मध्येच दोरी थांबली. सुदंताने ताबडतोब पटाशी उचलली आणि विचारले, "काय लागलं?"

"काही नाही रे," भद्रक धापा टाकीत म्हणाला, "खांदा भरून आला. बारा वर्षं तू हे करत होतास?"

तिघेही हसले. पण त्या दिवसापासून गावाने जुनी रीत मोडली. दोरी थांबली की कातारीने आधी पटाशी उचलायची, आणि न रागावता एवढेच विचारायचे, "काय लागलं?"

उष्टावणीच्या दिवशी तो वाडगा पाहून राजा म्हणाला, "एवढासा?" भद्रकाने त्याच्या शेजारी भाल्याचे पाते ठेवले आणि घडले ते सगळे सांगितले, स्वतःच्या ओरडण्यासकट. राजा काही बोलण्याआधीच राजपुत्राने वाडगा दोन्ही हातांनी ओढला आणि जमिनीवर फेकला. वाडगा गोल गोल फिरला, डुलला आणि सरळ बसला. मूल खदखदून हसले. मग त्याच वाडग्यातून त्याने पहिला भात खाल्ला, आणि राजाने सुदंताला विचारले, "तुला काय हवं?"

"मिळालं, महाराज," सुदंत म्हणाला. त्याच्या बोटांना पटाशीचे नवे घट्टे पडले होते.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षू, त्या वेळचा भद्रक म्हणजे तू. डोळे मिटून दोरी ओढणारी सोमा म्हणजे तुझे चीवर ओढणारा हा तुझा सोबती. आणि सुदंत म्हणजे मीच होतो." तो भिक्षू लाजला. मग उठून सोबत्यापाशी गेला आणि दुसऱ्या दिवशी भिक्षेत मिळालेला अर्धा भात त्याने सोबत्याच्या पात्रात वाढला. जो आपल्यावर रागावला, त्याच्याही डोळ्यांची आधी काळजी करावी, याला मैत्री म्हणतात. या कथेत तीच सांगितली आहे.

गोष्ट संपली की पटाशी धरणाऱ्याने दोरी धरणाऱ्याला एक वचन द्यायचे असते. काल आईने मला ते दिले. मी दोरी ओढायला घाबरत होते, कारण माझ्या हातून एखादी काठवट गेली तर, असे सारखे वाटत होते. आता तसे वाटत नाही. आई म्हणाली, तुझी दोरी थांबली तर मी ओरडणार नाही, आधी पटाशी उचलीन, आणि

"उत्पला, ये गं! लाकूड चढवलंय, दोरी धर!"

आईची हाक आली. वाक्य तेवढे पुरे करते. आधी पटाशी उचलीन, आणि मग तुला फक्त एवढंच विचारीन, की