सगुणाबाईंची ओवी

शांतवनबुवा ज्या गावी उतरत, तिथल्या माणसांना आपापली दुःखे बोलावीशी वाटत. नगरकडच्या कोरडवाहू मुलखातले आंबेटाकळी हे असेच एक भाग्याचे गाव. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात बुवा एकतारी खांद्याला लावून पायी तिथे येत. ख्रिस्ती मंडळीच्या कबरस्तानाला लागून एक जुनी चिंच होती. तिच्या बुंध्याशी घोंगडी अंथरली की झाला बुवांचा मठ! संध्याकाळी प्रभू येशूचे कीर्तन रंगे, आणि ऐकायला सगळ्या आळ्यांतली माणसे येऊन बसत. लोक त्यांना ‘महाराज’ म्हणत. बुवा हसून म्हणत, “महाराज एकच. आम्ही त्यांच्या दारातले भालदार.”

या गावात मार्थाबाई नावाची एक विधवा राहत असे. मूलबाळ नव्हते. नवरा गेला, पाठोपाठ सासूही गेली. सासूचे नाव सगुणाबाई. आंबेटाकळीत प्रभूचे नाव प्रथम ज्या घरात घेतले गेले, ते घर सगुणाबाईंचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पहाटे जात्यावर बसल्या की ओव्या आपोआप फुटत. पहिली ओवी येशूला, मग गावातल्या एकेका घराला. कुणाचे पोर तापाने फणफणलेले, कुणाची गाय अडलेली, कुणाची लेक सासरी कष्टी. सगुणाबाई त्या सगळ्यांना ओवीत गुंफून देवापुढे ठेवत. नवी नवरी होऊन आलेली मार्था समोर बसून जाते ओढी. बाप्तिस्मा तिचा लहानपणीच झाला होता, पण प्रार्थना म्हणजे काय, हे तिला त्या जात्यापाशी कळले.

सासूच्या पश्चात ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जमे, पाळकसाहेब प्रार्थना करीत, आणि मग मार्थाबाई सासूच्या कबरीशी उभी राहून त्या ओव्या म्हणे. तेवढीच तिची मिरास.

त्या वर्षी मात्र वेगळेच घडले. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आटोपल्यावर बर्णबा मास्तर बोलायला उभे राहिले. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे पंच. शहरात शिकलेले, पेटी उत्तम वाजवणारे, शब्द तोलून बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण विद्येची ताठ इस्त्री त्यांच्या मनालाही बसली होती.

“परवा ईस्टरला तालुक्याहून पाहुणे येणार आहेत,” मास्तर म्हणाले. “शाळेची मुलं चार सुरांत गीत गातील. तेव्हा यंदा ते जात्यावरचं गाणं नको.”

मार्थाबाई मागच्या सतरंजीवर बसली होती. ती चाचरत म्हणाली, “मास्तर, आत्याबाईंच्या ओव्या हायेत त्या. त्यात आपल्या सगळ्या गेलेल्या माणसांची नावं हायेत.”

“तेच तर म्हणतो मी! गेलेल्यांची नावं घेऊन काय साधतं? आणि नावं तरी कसली? त्यात एक दगडू आहे. कोण हा दगडू? कुणाला ठाऊक आहे का?”

तिथे बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते; जुनी म्हातारी माणसे त्या दिवशी घरीच होती.

“वर येशू आणि खाली दगडू!” मास्तर हसले. “पाहुणे म्हणतील, ही मंडळी अजून दगडालाच ओवाळते की काय!”

लोक हसले. काहींना नंतर वाईट वाटले, पण हसताना तर हसले. मार्थाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती बाहेर पडली.

बुवा चिंचेखाली बसले होते. तिला पाहताच त्यांनी घोंगडीची अर्धी बाजू मोकळी केली. तिने सगळे सांगितले. रडू आवरून शेवटी विचारले, “बुवा, माझं चुकतं का? देव जिवंतांचा. मग मेलेल्यांची नावं घेणं पाप हाय का?”

“मार्थाबाई, तू त्यांच्याकडे काही मागतेस का?”

“न्हाई बा! मागायचं त्याच्याकडं. आत्याबाईंचे मी नुसते उपकार मानते.”

“मग बस झालं. आंब्याची फळं खायची आणि लावणाऱ्याची आठवण काढायची नाही, ही कुठली रीत? तुझ्या सासूने विश्वास लावला, शिंपला आणि तुझ्या हाती ठेवून ती धन्याकडे गेली. तिचं नाव घेताना तू धन्याचंच नाव घेतेस.”

“पण मास्तरांनी बंदी केलीय.”

बुवांनी एकतारी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मंडळीत भांडण नको. तू गप्प राहा. ज्याने ओवी दिली, तो तिचं काय करायचं ते पाहील.”

मार्थाबाई घरी गेली. बुवांचा शब्द तिने मानला, पण मन काही थंड होईना. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती जात्यावर बसली ती मुकीच. गाण्यावाचून जाते इतके जड असते, हे तिला आयुष्यात प्रथमच कळले.

त्याच दुपारी मास्तरांच्या घरी आकांत उडाला. मास्तरांची म्हातारी आई ठकूबाई माजघरात कोसळली. एक अंग लुळे पडले, दातखीळ बसली. पाणी ओठांशी नेले की गालावरून ओघळून जाई. दवाखान्यातले डॉक्टर आले, नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या. मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, “गिळणंच बंद झालंय. माझ्या हातात आता काही नाही. जवळच्यांना बोलावून घ्या.”

बाप लहानपणीच गेलेला. मास्तरांना आईवाचून दुसरे दैवत नव्हते. चार माणसांत पंच म्हणून मिरवणारा तो गृहस्थ अनवाणी धावत चिंचेखाली आला. “महाराज, चला! माझी आई चाललीय!”

बुवा लगेच उठले. ठकूबाईंच्या उशाशी बसून त्यांनी हात जोडले. प्रार्थना थोडक्यातच झाली, पण आमेन म्हणूनही बुवांनी डोळे उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने बुवा म्हणाले, “मार्थाबाईला बोलवा. तिला म्हणावं, सगुणाबाईंची ओवी घेऊन ये.”

मास्तर चपापले. “ओवी? महाराज, आई शेवटच्या घटका मोजतेय...”

“घर तुझं, आई तुझी,” बुवा शांतपणे म्हणाले. “मला जे ऐकू आलं, ते मी सांगितलं.”

मास्तरांनी मान खाली घातली. निरोप घेऊन त्यांची बायको गेली.

मार्थाबाईच्या ओसरीवर शेजारणी बसल्या होत्या. निरोप ऐकून एक फणकारली, “जाऊ नकोस गं! काल चारचौघांत हसला, आज गरज पडली व्हय!” मार्थाबाईच्याही मनात तेच आले. खोटे कशाला सांगा, क्षणभर तिला बरेसुद्धा वाटले. पण लगेच सासू डोळ्यांपुढे उभी राहिली. कुणाच्याही घरून हाक आली की सगुणाबाई हातातली भाकर तव्यावर तशीच टाकून निघत. मार्थाबाईने चुलीतला जाळ ओढला आणि ती मास्तरांच्या बायकोमागून चालू लागली.

ठकूबाईंचे जुने जाते मागच्या पडवीत पोत्यांखाली पडून होते. गिरणी आल्यापासून त्याला कुणी शिवले नव्हते. बुवांच्या सांगण्यावरून मास्तरांनी स्वतः पोती हटवली आणि जाते माजघरात, आईच्या अंथरुणापाशी आणून ठेवले. मार्थाबाईने मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला. जाते घरघरले आणि तिच्या तोंडून ओवी आली,

“पहिली माझी ओवी गं, येशू माझ्या राजाला,
उभा राहतो दारी, जागं करितो जिवाला.”

ठकूबाई हलल्या नाहीत. मार्थाबाई एकेका घराची ओवी गात गेली. मग दगडूची ओवी आली आणि तिचा आवाज अडखळला. काल सगळे हसले ते या ओवीवरच. मास्तर समोर उभे होते. तिने बुवांकडे पाहिले. बुवांनी नुसती होकाराची मान हलवली. तिने डोळे मिटले.

“पुढची माझी ओवी गं, तान्हुल्या दगडूला,
निजलं लेकरू देवा, हाक मार तू त्याला.”

आणि काय नवल सांगावे! ठकूबाईंचा चांगला हात गोधडीवरून सरकत पुढे आला आणि मार्थाबाईच्या हातावर, खुंट्यावर येऊन टेकला. आवळलेले ओठ सुटले. खोल विहिरीतून यावा तसा, पण स्वच्छ आवाज आला,

“हाक आली येशूची, रडू फुटलं लेकराला,
सगुणा माझे बाई, पान्हा आला माउलीला.”

ही ओवी मार्थाबाईने कधीच ऐकली नव्हती. सगुणाबाई आणि ठकूबाई या दोघी मैत्रिणींनी एका जात्यावर बसून एकीने म्हणायची आणि दुसरीने उत्तर द्यायचे, त्यातली ही ठकूबाईंची ओवी होती.

“आई!” मास्तर गुडघ्यांवर कोसळले.

“पाणी दे,” ठकूबाई म्हणाल्या.

वाटीभर पाणी त्या घोटाघोटाने प्यायल्या. एक थेंब सांडला नाही. दारात उभे असलेले डॉक्टर जवळ आले, नाडी धरून बघतच राहिले.

मास्तरांनी आईचा हात धरून विचारले, “आई, दगडू कोण गं?”

ठकूबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. “तूच की रे! तुझ्या आधीची माझी लेकरं जगली न्हाईत. म्हणून तुला दगडू म्हणायचं ठरवलं. आन् तूबी उपजलास तो निळा पडलेला. सुईण म्हणाली, गेलं. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. तवा सगुणानं तुला पदरात घेतलं, अन् हीच ओवी म्हणत तुझ्या पाठीवर हात फिरवत बसली. समद्या उठून गेल्या, पर ती उठली न्हाई. मग रडलास तू. तिच्याच देवाला वाहिला मी तुला. बाप्तिस्म्याला बर्णबा नाव ठेवलं, अन् दगडू मागं पडला. पर सगुणा जिती होती तवर रोज पहाटं तुझी ओवी म्हणायची.”

ज्या ओवीवर आपण हसलो, तिच्याच आधाराने आपण श्वास घेत आलो, हे मास्तरांना कळले आणि ते बुवांच्या पायांवर पडले. बुवा चटकन मागे सरले. “अरे, भालदाराच्या पाया पडतोस? मी काही केलं नाही. जा, ज्यांनी तुला देवापुढे ठेवलं त्यांच्याकडे जा.”

ईस्टरच्या पहाटे कबरस्तान माणसांनी भरले. ठकूबाईंना बाजेवर बसवून आणले होते. तालुक्याचे पाहुणे आले, मुलांनी चार सुरांत गीत गायले, आणि ते खरोखरच सुरेख झाले. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली. मार्थाबाई गर्दीत मागेच उभी होती. मास्तर सगळ्यांदेखत तिच्यापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, “मार्थाबाई, मला क्षमा करा. सगुणाबाईंची कबर मी कधी नीट पाहिलीही नाही. दाखवता का?”

तिने दाखवली. साधा मातीचा उंचवटा, कडेने गोटे, वर तिनेच वाहिलेली तगरीची फुले. मास्तरांनी टोपी काढली आणि कपाळ मातीला टेकवले. ते काही केल्या उठेनात.

मार्थाबाईचे डोळे भरून आले. ती खाली वाकून हळूच म्हणाली, “उठा मास्तर. आत्याबाईंना पाया पडलेलं आवडायचं न्हाई. म्हणायच्या, मी कोण? उपकार त्याचे, त्याचेच माना.”

मास्तर उठले. कपाळाला माती तशीच होती. ज्यांच्या प्रार्थनेतला शब्द कधी इकडचा तिकडे होत नसे, ते दोन्ही हात वर करून उभे राहिले, आणि त्यांना एकही घोटीव वाक्य आठवेना. सगळी मंडळी वाट पाहत राहिली. पूर्वेला ऊन फुटले.

“देवा,” बर्णबा मास्तर म्हणाले, “मी जिवंत आहे.”

आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, “आमेन!”